घरी बांधलेले कॉन्सर्टचे बॉक्स आणि थिएटरची साउंड सिस्टिम: वॉटचा हिशेब कुठे फसतो

सिनेमा थिएटरच्या पडद्यामागे असतात ते ड्रायव्हर (पेटीत बसवलेले, प्रत्यक्ष आवाज काढणारे स्पीकर) आणि चांगल्या कॉन्सर्ट बॉक्समधले ड्रायव्हर बऱ्याचदा एकाच घराण्यातले असतात. १५ किंवा १८ इंची कोन (हवा हलवणारा शंकू), ३-४ इंची व्हॉइस कॉइल (कोनला हलवणारी तारेची गुंडाळी), वर उंच स्वरांसाठी कॉम्प्रेशन ड्रायव्हर आणि त्याचा आवाज रोखून सोडणारा भोंगा, म्हणजे हॉर्न. त्यामुळे ‘घरी बांधलेला बॉक्स थिएटरपेक्षा जोरात वाजतो’ हे म्हणणं खोटं नसतं, पण त्यातून कळत काहीच नाही. दोघांना नेमून दिलेलं कामच वेगळं आहे.

थिएटरचं काम आकड्यांत बांधलेलं आहे. पडद्यामागच्या प्रत्येक चॅनेलला उणे २० डीबीएफएसचा (सिग्नलच्या कमाल पातळीपेक्षा २० डेसिबल खालचा) पिंक नॉइज, म्हणजे सगळे स्वर असलेला चाचणीचा खरखराट, दिला, की हॉलच्या साधारण दोन तृतीयांश खोलीवरच्या खुर्चीत ८५ डेसिबल (सी वेटिंग, म्हणजे बेसही धरणारं माप) मिळायला हवेत. सिग्नल पूर्ण भरला तर त्याच खुर्चीत १०५. सबवूफरच्या चॅनेलला आणखी १० डेसिबलची मुभा असते, म्हणून तिथे ११५. खुर्ची पडद्यापासून १६ मीटरवर धरा. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल घटतात, म्हणजे १ मीटरपासून १६ मीटरपर्यंत २४ डेसिबल गेले. बंद हॉलमध्ये थोडे कमीच जातात, पण हिशेब कडक ठेवलेला बरा. मग १ मीटरवर पीकला, म्हणजे क्षणिक कमाल आवाजाला, १२९ डेसिबल लागतील. दोन १५ इंची वूफरची (खालच्या स्वरांच्या ड्रायव्हरची) मिळून सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॉटला १ मीटरवर मिळणारा आवाज, १०१ डेसिबल असेल, तर वरच्या २८ डेसिबलसाठी सुमारे ६३० वॉट हवेत. हे झालं पीकचं. सरासरी ८५ डेसिबलला किती? जेमतेम ६ वॉट. साधा संवाद चालू असताना त्याहूनही कमी.

आता मैदानावर या. ३० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला सरासरी १०० डेसिबल द्यायचे आहेत. अंतरात साडेएकोणतीस डेसिबल जातात, म्हणजे १ मीटरवर १२९.५ हवेत, आणि तेही सरासरी. ९८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा एकच बॉक्स असेल तर सुमारे १,४०० वॉट सतत, तासन्‌तास. एवढ्यात बहुतेक व्हॉइस कॉइल जळतील. तेच चार बॉक्स एकमेकांना चिकटवून रचले, तर बेसच्या पट्ट्यात ते एकाच मोठ्या बॉक्ससारखे वागतात. सेन्सिटिव्हिटी ६ डेसिबलने वाढते आणि चौघांना मिळून ३५० वॉट, म्हणजे प्रत्येकी नव्वदच्या आतच लागतात. बेसचे बॉक्स स्टेजच्या दोन टोकांना वाटून ठेवण्यापेक्षा एकत्र रचा असं जाणकार सांगतात, ते यासाठी.

थिएटरच्या स्पीकरला क्षणभराची झेप हवी असते, कॉन्सर्टच्या स्पीकरला उष्णता सहन करायची असते. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. कॉइल २०० अंशांनी तापली की ६ ओहमची पावणेअकरा ओहमची होते. अ‍ॅम्प्लिफायर व्होल्टेज तेवढंच देत राहतो, पण ड्रायव्हर खेचतो जेमतेम ५६ टक्के वॉट, म्हणजे अडीच डेसिबल गायब. त्यातच ड्रायव्हरचा क्यू (कोन किती सैल आवरला जातो तो आकडा) वाढतो, म्हणून तापलेला बेस नुसता कमी होत नाही, तो सैल आणि घुमल्यासारखा होतो. मग ऑपरेटर आवाज वाढवतो, कॉइल आणखी तापते, आणि पुढचं सांगायला नको. थिएटरमध्ये ही वेळ सहसा येत नाही. ‘१,००० वॉट’ हे लेबल दोन्हीकडे असलं तरी त्यातले हजार वॉट तापवून पाहण्याची वेळ एकीकडेच येते.

पेटीकडे वळू, कारण घरी बांधणाऱ्याचा हात तिथेच सर्वांत चालतो. उदाहरणादाखल एक १८ इंची रिफ्लेक्स बॉक्स घेऊ, म्हणजे हवेसाठी पोर्ट (उघडा बोगदा) असलेली पेटी. निव्वळ २०० लिटर, ट्यूनिंग (पोर्टमधली हवा ज्या वारंवारतेला घुमते ती) ३८ हर्ट्झ. खाली पूर्ण रुंदीचा स्लॉट पोर्ट, ५० सेंटिमीटर रुंद आणि ९ उंच, म्हणजे ४५० चौरस सेंटिमीटर. सूत्राने पोर्टची परिणामी लांबी ४६.७ सेंटिमीटर येते. दोन्ही टोकांची दुरुस्ती (पोर्टच्या तोंडाबाहेर सोबत हलणाऱ्या हवेची लांबी) वजा केली की प्रत्यक्ष फळी साधारण २९ सेंटिमीटरची. पोर्टची पोकळी १३ लिटर, फळी अडीच, ड्रायव्हर सुमारे आठ, आतले आडवे दांडे पाचेक लिटर. हे सगळं २०० मध्ये मिळवलं की पेटी आतून सुमारे २२९ लिटरची हवी: ५० बाय ६४ बाय ७१.५ सेंटिमीटर. हे मिळवायचं विसरलेली पेटी लहान भरते, ट्यूनिंग वर सरकतं आणि दोष ड्रायव्हरला दिला जातो.

स्लॉट पोर्ट पेटीच्या भिंतींना चिकटलेला असतो, त्यामुळे सूत्र आणि लाकूड यांच्यात थोडी तफावत राहतेच. म्हणून मोजा. सिग्नल जनरेटर, १ किलोओहमचा रेझिस्टर ड्रायव्हरच्या सिरीजमध्ये, आणि ड्रायव्हरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर. १५ हर्ट्झपासून वर जा. व्होल्टेज एकदा चढेल, उतरेल, पुन्हा चढेल. दोन शिखरांमधली दरी जिथे सर्वांत खोल, तेच खरं ट्यूनिंग. ३८ ऐवजी ४२ आलं तर पोर्ट सुमारे साडेआठ सेंटिमीटर लांब करा. दरी उथळ आणि पसरट दिसली तर हवा कुठून तरी निसटते आहे. टर्मिनल प्लेट, हँडलची भोकं आणि ड्रायव्हरखालची गॅस्केट हे तीन संशयित आधी पाहा.

लाकूड १८ मिलिमीटरचं बर्च प्लायवुड घ्या. एमडीएफ ध्वनीच्या दृष्टीने वाईट नाही, आणि कायम एकाच जागी उभ्या राहणाऱ्या पेटीत ते निभावतं. पण गाडीत चढ-उतार करणाऱ्या पेटीत त्याच्या कडांतले स्क्रू पिळवटतात आणि पाणी लागलं की कडा फुगतात. थिएटरच्या पेटीला हँडल, कोपरे, जाळी यांतलं सहसा काही नसतं. ती एकदा पडद्यामागे जाते ती तिथेच राहते, आणि मॅट काळी रंगवलेली असते ती पडद्याच्या छिद्रांतून चमकू नये म्हणून.

घरच्या बांधणीची खरी मर्यादा खालच्या टोकाला उघडी पडते. कॉन्सर्टमधला ड्रम आणि बेस गिटार यांचा बहुतेक जोर ४० ते १०० हर्ट्झमध्ये असतो, म्हणून ३८ चं ट्यूनिंग शहाणपणाचं. सिनेमाचा सबवूफर चॅनेल मात्र १२० हर्ट्झपासून अगदी २०-२५ पर्यंत खाली उतरतो. तेवढाच आवाज एक सप्तक खाली (निम्म्या हर्ट्झवर) काढायचा तर हवा चौपट हलवावी लागते. शिवाय ट्यूनिंगच्या खाली रिफ्लेक्स पेटीतली हवा कोनला अडवायचं सोडून देते आणि कोन मोकाट पुढे-मागे धावतो. स्फोटाच्या दृश्यात ‘टक्‌ टक्‌’ ऐकू आलं, तर कॉइल मागच्या प्लेटवर आपटते आहे असं समजा. उपाय म्हणजे ३५ हर्ट्झला, दर सप्तकाला २४ डेसिबल उताराचा हाय-पास, म्हणजे त्याखालचे स्वर अडवणारा फिल्टर. ड्रायव्हर वाचतो, पण मग सिनेमातला तो जमीन हलवणारा भाग येतच नाही. खालची खोली, कार्यक्षमता आणि छोटी पेटी या तिन्हींतून दोनच मिळतात.

उलटी अदलाबदलही तितकीच फसते. थिएटरचे वूफर बऱ्याच ठिकाणी मोठ्या बॅफल वॉलमध्ये, म्हणजे पडद्यामागच्या सपाट भिंतीत, बसवलेले असतात. सिनेमागृहांच्या आवाजाला प्रमाणपत्र देणाऱ्या टीएचएक्सने १९८३ पासून या भिंतीचा आग्रह धरला. भिंतीमुळे खालचा आवाज मागे सांडत नाही. तीच पेटी उघड्यावर ठेवली की काहीशे हर्ट्झखाली हळूहळू ६ डेसिबलपर्यंत घट येते आणि आवाज पातळ लागतो. वरच्या टोकाची गोष्ट आणखी वेगळी. रुंद कोनात समान आवाज पसरवणाऱ्या हॉर्नला साधारण ३-४ किलोहर्ट्झच्या वर मुद्दाम उचल द्यावी लागते, त्यात छिद्रांच्या पडद्याची घट भरून काढायची असते, आणि हे सगळं साउंड प्रोसेसरमध्ये लपलेलं असतं. प्रोसेसर न घेता नुसते स्पीकर उचलून आणले तर ते बोथट वाजतात, आणि लोक म्हणतात माल जुना झाला.

सिनेमाचा एक्स-कर्व्ह (हॉलमधल्या आवाजाचा ठरवलेला आलेख) हाही असाच न दिसणारा भाग. खुर्चीतलं माप २ किलोहर्ट्झपर्यंत सपाट आणि पुढे १० किलोहर्ट्झपर्यंत दर सप्तकाला ३ डेसिबल उतरतं. सपाट जुळवलेले कॉन्सर्ट बॉक्स हॉलमध्ये लावून चित्रपट चालवला तर ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात. ट्वीटर वाईट आहे असं वाटतं, पण इथे फक्त मापदंड जुळत नाही.

समान पसरणीत मी थिएटरलाच गुण देईन. पहिली रांग ६ मीटरवर आणि शेवटची २४ वर असेल तर नुसत्या अंतराने १२ डेसिबलचा फरक पडतो. हॉर्न मागच्या रांगांकडे रोखला की पुढच्या रांगा त्याच्या कडेला येतात, त्यांना वरचे स्वर कमी मिळतात आणि फरक बराच भरून निघतो. ९० बाय ४० अंशांचा चांगला हॉर्न घरी सुताराकडून कापून घेता येत नाही. तो विकतच घ्यावा. वाचवायचे असतील तर पैसे पेटीत वाचवा.

हॉर्न आणि वूफर जुळवताना क्रॉसओव्हरच्या (जिथे आवाज वूफरकडून हॉर्नकडे जातो त्या) वारंवारतेचा सूर लावा, हॉर्नची पोलॅरिटी (अधिक-उणे तारा) उलटी करा आणि डिले, म्हणजे आवाज थांबवण्याची वेळ, बदलत जा. आवाज सर्वांत खोल बुडेल तिथे थांबा आणि पोलॅरिटी पुन्हा सरळ करा. हॉर्नची कॉइल वूफरच्या ३० सेंटिमीटर मागे असेल तर वूफरला सुमारे ०.८७ मिलिसेकंद थांबवावं लागतं.

लिमिटर (ठरलेल्या पातळीवर सिग्नल रोखणारी सोय) व्होल्टेजमध्ये लावा, दिव्यांच्या अंदाजाने नको. ८ ओहम आणि ७०० वॉटच्या ड्रायव्हरला ७५ व्होल्ट होतात. दीर्घकाळासाठी निम्मे वॉट धरा, म्हणजे ५३ व्होल्ट. केबल २.५ चौरस मिलिमीटरची २० मीटर असेल तर जाऊन-येऊन ०.२७५ ओहम, म्हणजे ४ ओहमच्या लोडला अर्ध्या डेसिबलहून थोडी जास्त घट. २ ओहमपर्यंत बॉक्स जोडत गेलात तर तीच घट १.१ डेसिबल होते.

दोन बॉक्सची तुलना करायचीच असेल तर उघड्या जागेत, माइक जमिनीवर टेकवून, बॉक्सपासून २ मीटरवर मोजा. जमिनीमुळे ६ डेसिबल वाढतात आणि अंतराने ६ जातात, म्हणून वाचन थेट १ मीटरचं मिळतं. आधी थंड ड्रायव्हरवर मोजा. मग रेटिंगच्या निम्म्या वॉटवर तासभर पिंक नॉइज वाजवून, तेच व्होल्टेज ठेवून लगेच पुन्हा मोजा. दोन आकड्यांतलं अंतर कुठल्याच लेबलवर छापलेलं नसतं.