आठ पॉवरवरची दुसरी खूण

कोलोरॅडोत ग्रँड जंक्शनच्या एका दुकानात मी दुर्बिणी आणि रायफलच्या स्कोपचं, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीचं, काउंटर सांभाळतो. आपल्याकडे वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. इथे ती परवान्यावर चालते आणि हरणाचा परवाना सोडतीत लागावा लागतो. त्यामुळे ऑक्टोबरात येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या जिवाला घोर असतो.

त्या दिवशी पन्नाशीचा एक गृहस्थ रायफलची पेटी घेऊन आला. "स्कोप बिघडलाय, बदलून द्या," म्हणाला. आदल्या संध्याकाळी त्याला ४०० यार्डांवर म्यूल डिअर जातीच्या हरणाचा नर दिसला होता. अंतर रेंजफाइंडरने मोजलेलं, रायफल पाठपिशवीवर टेकवलेली, वारा जवळजवळ नाहीच. त्याच्या ६.५ क्रीडमोर काडतुसाच्या तक्त्यात, गोळी किती खाली येते ते मिलमध्ये (कोनाचं एक माप) असतं, त्या अंतराला दोन मिल लिहिलेले. स्कोपमधल्या नेमाच्या फुलीखालची दुसरी खूण छातीवर धरून त्याने गोळी झाडली, तर धूळ उडाली हरणामागच्या उतारावर, बरीच वर. दुसरी गोळीही तशीच गेली. तिसरी त्याने झाडलीच नाही. कुठे लागतंय ते कळत नसताना झाडत राहिलं की पाय मोडलेलं जनावर रात्रभर झाडीत तडफडतं, आणि हे त्याला कळत होतं. त्या एका गोष्टीसाठी मी त्याच्यासोबत उभा दिवस घालवायला तयार होतो.

स्कोप ४-१६ पॉवरचा, म्हणजे चित्र चार ते सोळा पट मोठं दाखवणारा, ४४ मिलिमीटर भिंगाचा. हातात घेतला तेव्हा पॉवरची कडी आठवर होती. "गोळी झाडताना इथेच होती का?"

"हो. सोळावर काळोखच दिसत होता."

दिसणारच. ४४ ला १६ ने भागलं की डोळ्याशी पावणेतीन मिलिमीटरचा प्रकाशझोत उरतो, आठवर तो साडेपाचचा होतो. कायद्याने सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकार करता येते आणि हरणं नेमकी त्याच वेळी बाहेर पडतात. कडी खाली आणण्यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

दुपारी आम्ही नेमबाजीच्या रेंजवर गेलो. आधी १०० यार्डांवर तीन गोळ्या. तिन्ही मधोमध, म्हणजे झीरो, फुली आणि गोळीचा जुळवलेला मेळ, हललेलं नव्हतं. मग मी पुठ्ठ्यावर ३.६ इंचांच्या अंतराने आडव्या रेघा मारल्या. १०० यार्डांवर एक मिल म्हणजे एवढंच अंतर. सोळावर रेटिकलची, म्हणजे स्कोपमधल्या फुली-खुणांच्या जाळीची, पहिली खूण पहिल्या रेघेवर बसली, दुसरी दुसऱ्या. "आता कडी आठवर आणा." त्याने आणली आणि बराच वेळ डोळा काढला नाही. पहिली खूण दुसऱ्या रेघेवर होती आणि दुसरी चौथ्या.

स्कोप सेकंड फोकल प्लेनचा होता. त्यात चित्र लहानमोठं होतं, पण रेटिकल डोळ्याला तेवढंच दिसतं. खुणांचं माप एकाच पॉवरवर खरं, बहुतेक स्कोपमध्ये सगळ्यात वरच्या. त्याने दोन मिल समजून चार धरले होते. ४०० यार्डांवर दोन मिल म्हणजे जवळजवळ २९ इंच. गोळी पाठीवरून गेली यात नवल नव्हतं.

त्याच स्कोपवर टरेट, म्हणजे नेम वरखाली करायचं बटण, फिरवून फुलीच छातीवर धरली असती तर पॉवरचा प्रश्नच आला नसता. पण जनावर चालतं-थांबतं तेव्हा क्लिक मोजत बसायला त्याला नको होतं, त्याला खुणांवरच नेम धरायचा होता. मग फर्स्ट फोकल प्लेन घ्यावा, हे माझं स्पष्ट मत. त्यात चित्राबरोबर रेटिकलही वाढतं, खुणा कुठल्याही पॉवरवर खऱ्या.

दुकानात परतल्यावर त्याने काउंटरवरचा झाडासारख्या ठिपक्यांनी भरलेल्या रेटिकलचा फर्स्ट फोकल प्लेन स्कोप उचलला. उजेडात तो देखणा दिसतो. मी म्हटलं, थांबा, दिवस मावळू द्या. संध्याकाळी मागच्या आवारात, समोरच्या जुनिपरच्या काळ्या झुडपांवर त्याला तो तीन पॉवरवर धरायला लावला. ठिपके सोडाच, फुलीसुद्धा झुडपात हरवली. फर्स्ट फोकल प्लेनची ही खरी अडचण आहे आणि विकणाऱ्याने ती आधीच सांगायला हवी: पॉवर कमी केली की रेघा केसासारख्या बारीक होतात. दुसरा दिला, ३-१५ चा. साधी मिलची फुली, कडेला तीन जाड पट्ट्या, मध्ये मंद लाल दिवा. पट्ट्या काळोखातही नजर मध्यावर आणत होत्या. वाऱ्यासाठी ठिपक्यांचं झाड हवं असं त्याला अजून वाटत होतं. ४०० यार्डांच्या आत आडव्या रेघेवरच्या खुणा पुरतात, आणि त्या खुणांना पुरणार नाही इतका वारा असेल तर मी गोळी झाडू नका असंच सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी झीरो करून ४०० यार्डांवरच्या लोखंडी पाटीवर पाच, दहा आणि पंधरा पॉवरला तीच दुसरी खूण धरली. पाटी तिन्ही वेळा वाजली. त्याने दस्त्यावर चिकटवलेला जुना तक्ता काढून नवा लिहायला घेतला आणि विचारलं, "पोरीचा पहिलाच सीझन आहे, बारा वर्षांची आहे. तिच्या रायफलवरचा स्कोपही सेकंडच असेल का?"

"घेऊन या," म्हटलं, "आणि पुठ्ठा सांभाळून ठेवा."