ट्रकच्या बॉडीपासून मशीनच्या जाळीपर्यंत : आमची वाटचाल

आमचं वर्कशॉप फोंडा तालुक्यात, कुंडई औद्योगिक वसाहतीच्या जवळ आहे. मशीनचे गार्ड म्हणजे फिरत्या भागांवरची झाकणं, कन्व्हेयरच्या (माल वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या) जाळ्या, जिने, रेलिंग, ट्रकच्या मागे लागणारे आडवे बार आणि छपरावर चढायच्या शिड्या अशी आमची कामं. माणूस आणि फिरणारं, पडणारं किंवा धावणारं लोखंड यांच्या मध्ये जे उभं करावं लागतं, ते आम्ही बनवतो.

सुरुवात मात्र वेगळ्या कामाने झाली. वडिलांनी उसगाव-तिस्कच्या बाजूला वेल्डिंगचं दुकान टाकलं, ते खनिजाच्या ट्रकांसाठी. तेव्हा खाणीतून निघालेला माल ट्रकने नदीकाठच्या जेटीवर जायचा, तिथून बार्जने मांडवी किंवा जुवारीतून मुरगाव बंदरात. ट्रकवाल्याला पैसे खेपेवर. जितक्या खेपा तितकी कमाई, त्यामुळे ट्रक थांबला की मालकाचा जीव टांगणीला. बॉडीचा पत्रा फाटला, बिजागरी तुटली, टेलगेट वाकलं की गाडी आमच्या दारात यायची आणि ‘लगेच पाहिजे’ हे पहिलं वाक्य असायचं.

त्या घाईत सगळ्यात धोक्याचं काम म्हणजे टिपरची, म्हणजे बॉडी उचलून माल ओतणाऱ्या ट्रकची, बॉडी वर करून तिच्याखाली शिरणं. वर उचललेली बॉडी हायड्रॉलिकच्या तेलावर उभी असते. एखादा होज फुटला, सील गेलं किंवा केबिनमध्ये कुणाचा हात लिव्हरला लागला, तर काही टन लोखंड काही सेकंदांत खाली येतं. वडिलांनी जाड पाइपचे दोन टेकू करून ठेवले होते. ते चॅसी आणि बॉडीच्या मध्ये लागल्याशिवाय वडील कुणाला खाली जाऊ देत नसत, मालक बाहेर कितीही ओरडू दे. टेकू गाडीच्या तोंडाशीच टेकवून ठेवलेले असत, लावायला अर्धं मिनिट पुरायचं. ते आत गोदामात ठेवले असते तर घाईच्या दिवशी कुणी आणले नसते. आमच्या सगळ्या धंद्याचं मूळ त्या अर्ध्या मिनिटात आहे, असं मला आज वाटतं.

2012 मध्ये खाणी बंद झाल्या. पुढे थोड्या सुरू झाल्या, मग 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. खाणपट्ट्यातल्या लोकांना त्या काळाबद्दल नव्याने काही सांगायला नको. घराघरांसमोर ट्रक उभे, टायर जमिनीत रुतलेले आणि बँकेचे हप्ते चालू. 2012 नंतर आम्ही फोंड्याकडे सरकलो आणि कारखान्यांत फिरून फॅब्रिकेशनची कामं मागू लागलो.

मिळालेल्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे कन्व्हेयरला गार्ड बसवणं. तपासणी जवळ आली होती, तेव्हाच्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 21 नुसार फिरते भाग झाकलेले हवे होते, आणि कारखान्याचं म्हणणं होतं की जुने गार्ड ‘हरवले’. मापं घ्यायला गेलो तर जुना गार्ड मशीनच्या मागेच भिंतीला टेकवलेला. चांगल्या स्थितीत, रंगसुद्धा उडालेला नाही. पुढे दुसऱ्या, तिसऱ्या कारखान्यातही तेच दिसलं. गार्ड असतो, पण मशीनवर नसतो.

आमचे सर्वांत जुने फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी त्या पहिल्या कारखान्यातल्या ऑपरेटरला सरळ विचारलं, ‘‘बाबा, हा काढलास कशाला?’’ तो म्हणाला, ‘‘दर पाळीला बेअरिंगला ग्रीस मारायचं. जाळी काढल्याशिवाय निपलपर्यंत गन पोचत नाही. सहा बोल्ट. त्यातले दोन खाली पडून गेले. रोज कोण लावत बसणार?’’

त्या माणसाला बेफिकीर म्हणणं सोपं होतं. पण त्याला दिलेलं काम ग्रीस मारायचं होतं आणि आमच्या धंद्यातल्या कुणीतरी बनवलेला गार्ड त्याच कामाच्या आड उभा होता. कामाच्या आड येणारी जाळी आठवड्याभरात कोपऱ्यात जाते. पुढची सगळी वर्षं आम्ही यावरच काम करत आलो आहोत.

त्या कन्व्हेयरला आम्ही बेअरिंगपासून तांब्याची बारीक नळी काढून ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, गार्डच्या बाहेर आणला. जाळी जागेवर, ग्रीस बाहेरून. बोल्ट असे बसवले की ढिले केले तरी जाळीतच अडकून राहतात, खाली पडत नाहीत. ते हाताने फिरत नाहीत, पान्हा लागतोच, कारण जे हाताने उघडतं ते चालू मशीनवरही उघडलं जातं. आणि जाळीला काळा रंग. ग्राहक हमखास पिवळी मागतात, कारण पिवळं म्हणजे सुरक्षा असं डोक्यात बसलंय. पण पिवळ्या जाळीवर उजेड चमकतो आणि आतलं नीट दिसत नाही. मग पट्टा सरकतोय का ते पाहायला माणूस जाळी काढतो. आम्ही चौकट पिवळी आणि जाळी काळी करतो. आतला फिरता भाग नारिंगी, म्हणजे गार्ड उघडा राहिला तर लांबूनच डोळ्यांत भरावा.

जाळीचं भोक आणि अंतर याचंही गणित आहे. 20 मिलिमीटरच्या चौकोनी भोकातून बोटं आत जातात, म्हणून अशी जाळी फिरत्या भागापासून किमान 120 मिलिमीटर लांब हवी. तीच जाळी पुलीला चिकटवून बसवली तर ती फक्त दिसायला गार्ड असते. बाजारात असे गार्ड पुष्कळ आहेत, स्वस्तही मिळतात.

कन्व्हेयरवर हात कसा जातो, हे समजून घेण्यासारखं आहे. पावसाळ्यात माल ओला असतो, शेवटच्या ड्रमला चिकटतो, पट्टा एका बाजूला सरकू लागतो. मशीन थांबवलं तर वरून येणारा माल तुंबतो आणि सुपरवायझर विचारतो. म्हणून माणूस चालत्या पट्ट्यावरच लोखंडी पट्टीने चिखल खरवडतो. हे त्याने शंभरदा केलेलं असतं आणि शंभरदा काही झालेलं नसतं. एखाद्या दिवशी पट्टी अडकते. पट्टा सेकंदाला दीड मीटर धावत असेल, तर ‘अडकलं’ हे मेंदूला कळून बोटं सोडेपर्यंतच्या पाव सेकंदात तो 37 सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे कोपरापर्यंत हात. चपळाई इथे कामाची नाही. पट्टा थांबवायची आणीबाणीची दोरी ओढायला दुसरा हात मोकळा असला तरी पट्टा लगेच थांबत नाही. म्हणून आम्ही ड्रमच्या अलीकडे, परतीच्या पट्ट्यावर रबराचा तिरका नांगर बसवून देतो. माल तिथेच बाजूला पडतो आणि खरवडायची गरजच बरीच कमी होते.

अपघाताच्या अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं की चौकशी तिथेच संपते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गोव्यातल्या वसाहतींत काम करणारी कितीतरी मुलं कर्नाटक, ओडिशा, झारखंड, बिहारमधून आलेली आहेत. कंत्राटदारामार्फत आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी मशीनवर उभा राहतो. त्याला समजेल अशा भाषेत कुणी काही सांगितलेलं नसतं. अशा वेळी जाळी हीच त्याच्याशी बोलणारी एकमेव गोष्ट असते. ती जागेवर असावी, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आमच्या स्वतःच्या वर्कशॉपात सगळ्यात जास्त वापर हँड ग्राइंडरचा. चार इंची चाक मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं. काठाचा वेग तासाला 200 किलोमीटरच्या वर जातो. ते फुटलं तर तुकडे त्याच वेगाने सुटतात. गार्ड काढला जातो तो बहुतेक वेळा अडचणीच्या कोपऱ्यात मशीन पोचत नाही म्हणून. त्यावर आमच्याकडे उपाय साधा आहे. त्या कोपऱ्यासाठी सरळ दांड्याचं डाय ग्राइंडर वेगळं ठेवलंय. चाकाच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदत छापलेली असते, तीही आम्ही पाहतो, कारण ही चाकं रेझिनने बांधलेली असतात आणि कोकणातल्या दमट हवेत ते बंधन कमजोर होतं. जूनपासून चाकांचे डबे बंद कपाटात बल्ब लावून ठेवतो. वेल्डिंगच्या बोर्डाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, आहे आणि तो महिन्यातून एकदा बटण दाबून तपासला जातो.

आमचं काम कारखान्याच्या फाटकाबाहेर कसं गेलं, तेही सांगतो. माल आणायला आम्ही छोटा टेम्पो वापरतो. सात फुटांच्या हौद्यात वीस फुटी अँगल आणि टोकाला लाल फडकं, हे दृश्य गोव्यात रोजचं आहे. पूर्वी मोटार वाहन नियमांत एक मीटरपर्यंत बाहेर आलेल्या मालाला सवलत होती, ती 2014 मध्ये काढून टाकली गेली. पण नियमापेक्षा डोळ्यांची गोष्ट मोठी आहे. मागून येणाऱ्याला सळीचं फक्त टोक दिसतं, एक ठिपका. तो किती जवळ आहे हे डोळ्यांना ठरवता येत नाही, आणि रात्री तर फडकंही काळंच. आम्ही दुकानातच माल मापात कापून घेतो. कापायचे थोडे जास्त पैसे पडतात, जोड वाढतात, डिझाइन तसं करावं लागतं. पण टेम्पोच्या बाहेर काही येत नाही.

ट्रकची ओळख जुनी, म्हणून मागच्या बारचं कामही आलं. उभ्या ट्रकला मागून कार धडकली की कारचा पुढचा भाग, जो धक्का खाऊन चेपायला बनवलेला असतो, तो ट्रकच्या खालून निघून जातो. ट्रकच्या मागच्या फळीचा पहिला मार थेट कारच्या काचेवर, डोक्याच्या उंचीला. एअरबॅगचा उपयोग होईपर्यंत सगळं संपलेलं असतं. म्हणून बार जमिनीपासून 55 सेंटीमीटरपेक्षा वर असता कामा नये आणि तो चॅसीला धरलेला हवा, फळीला लटकवलेला नको. जेटीवर माल ओतताना बार लागतो, म्हणून चालक तो वर वाकवून टाकतात. आम्ही बिजागरीचा बार करतो. ओतताना उचलला जातो, बॉडी खाली आली की पिनने परत बसतो. 2024 पासून काही खाणी पुन्हा हलू लागल्यावर या कामाला मागणी आली आहे. जुने ट्रकवाले येतात, चहा होतो, आणि बॉडी दुरुस्तीबरोबर बारचं आणि लाल परावर्तक पट्टीचं बोलणं आम्हीच काढतो.

हेल्मेटच्या स्टँडची कल्पना मात्र कामगारांकडून आली. वसाहतीतली बहुतेक माणसं दुचाकीने येतात, आणि गोव्यातल्या रस्त्यांवर जीव गमावणाऱ्यांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचाच असतो. एका कारखान्यात मशीनवर गॉगल, बूट सगळं नीट, पण सुटल्यावर निम्मी डोकी उघडी. विचारलं तर कळलं, पाळीभर हेल्मेट आरशाला टांगलेलं असतं, पावसात आतला स्पंज भिजतो, रात्री ते ओलं डोक्यावर घालवत नाही. मग दुसऱ्या दिवसापासून ते घरीच राहतं. आम्ही फाटकाजवळ छपराखाली जाळीचे कप्पे करून दिले, खालून हवा लागेल असे. प्रत्येक कप्प्याला नंबर. अगदी साध्या कामांपैकी एक, आणि माझं सगळ्यात आवडतं.

त्या वेळी आम्ही पाळी सुटताना दहा मिनिटं बोललोही. पावसाळ्यात गुरं डांबरावर बसतात, कारण तिथे ऊब असते. ओल्या रस्त्यावर ताशी 60 च्या वेगाने येणाऱ्या दुचाकीला, काळी म्हैस दिसल्यापासून थांबायला साधारण 60 मीटर लागतात. 40 च्या वेगाला 33 मीटर पुरतात. खाली केलेल्या दिव्याचा उजेड तितपतच पोचतो. म्हणजे 60 ने जाणारा माणूस थांबूच शकणार नाही अशा अंधारात शिरत असतो. आकडे सांगितल्यावर मुलं गप्प झाली, मग एकाने विचारलं, ‘‘शेट, मागे बसलेल्याला पण हेल्मेट?’’ होय, त्यालाही.

धंदा म्हणून पाहिलं तर हे काम संथ आहे. आम्ही मशीन चालू असताना पाहिल्याशिवाय आणि ऑपरेटरशी बोलल्याशिवाय दर देत नाही. फोटो पाठवून ‘चार फूट बाय तीन, उद्यापर्यंत’ म्हणणारी गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात, जाऊ देत. राहिलेली वर्षानुवर्षं आहेत. काम बसवल्यावर महिन्याने आम्ही पुन्हा जातो, फुकट, फक्त गार्ड जागेवर आहे का ते पाहायला. नसेल तर का नाही ते विचारतो आणि बदलून देतो. मामांचं वय झालं तरी या फेऱ्या ते स्वतः करतात.

सध्या सगळ्यात जास्त चौकशी छपराच्या शिड्यांची असते. जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे आहेत आणि मे महिन्यात गळती बुजवायला सगळेच वर चढतात. पत्रा वरून दगडासारखा दिसला तरी माणसाचं वजन पेलत नाही. उजेडासाठी घातलेले पारदर्शक पत्रे उन्हाने मळकट होऊन बाकीच्यांसारखेच दिसू लागतात, आणि माणूस थेट खाली मशीनवर येतो. आमची शिडी कैचीवर, म्हणजे छपराच्या आधाराच्या सांगाड्यावर, वजन टाकते, वरच्या मोभाला आकड्याने अडकते. सोबत कमरेचा नव्हे, पूर्ण अंगाचा हार्नेस आणि तो अडकवायला दोर देतो. शिड्या भाड्याने मिळतात. फोंडा, मडकई, बेतोडा, कुंडई इथे आमचा माणूस येऊन बांधून देतो. एप्रिलमध्येच नाव नोंदवावं. पहिला पाऊस पडला की त्या वर्षीसाठी शिड्या परत आत जातात, ओल्या पत्र्यावर आम्ही कुणालाही चढू देत नाही.