चुका

फ्रेमच्या धंद्यात त्या अर्ध्या इंचाच्या बारीक खिळ्यांना चुका म्हणतात. पाव किलो चुका आण, चुका मार, चुका उपस, असं दुकानात दिवसभर चालू असतं. नवीन गिऱ्हाईक ऐकून हसतं. आम्ही हसायचं केव्हाच सोडलंय.

गेल्या दिवाळीनंतर इथल्याच, कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या एका काकींचा नातू दुकानात आला. पोरगा पुण्यात आयटीत. बगलेत जुन्या चादरीत गुंडाळलेलं चित्र. मला वाटलं काच फुटली असेल. त्यानं चादर सोडली, चित्र काउंटरवर पालथं ठेवलं आणि पाठीवरच्या स्टिकरवर बोट ठेवलं.

"काका, हे तुमचंच ना?"

माझंच. दुकानाचं नाव, खाली "सर्व प्रकारच्या फ्रेम्स, आरसे व काचा योग्य दरात" आणि कधीच बंद पडलेला लँडलाइन नंबर. कडेला माझ्याच अक्षरात तारीख, १२-४-२००३.

चित्र मी ओळखलं. हातभर रुंदीचं, जलरंगातलं. कोटीतीर्थ तळ्याचा काठ, दोन झाडं, आणि पाणी. त्या पाण्याला रंगच लावलेला नाही, कागद तसाच कोरा सोडून उजेड काढलाय. घरात सगळे म्हणत आले की हे आबालालचं. आता कोल्हापुरात "आमच्याकडं आबालाल आहे" असं कुणी म्हटलं की मी आधी चहा सांगतो, कारण गोष्ट लांबणार असते. आबालाल रहिमान म्हणजे शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार, १९३१ साली गेले. १९२२ ला महाराज वारल्यावर त्यांनी आपली चित्रं कोटीतीर्थात सोडून दिली असं सांगतात. तळ्यात किती गेली देव जाणे, पण लोकांच्या माळ्यावर मला भरपूर सापडलीत. खरी बघायची तर टाऊन हॉल म्युझियमला जावं. या चित्राच्या वेळी मात्र मी २००३ सालीही गप्प बसलो होतो. चहा सांगावासा वाटला नव्हता.

पोरगा हे चित्र घेऊन मुंबईला एका लिलाव कंपनीत जाऊन आला होता. त्याचं निमित्त वेगळंच. मार्च २०२५ मध्ये एम. एफ. हुसेनचं 'ग्राम यात्रा' हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात साधारण ११८ कोटींना गेलं, ती बातमी त्यानं वाचली होती. पंढरपुरात जन्मलेल्या माणसाचं चित्र ११८ कोटी, मग आपलं निदान अकरा लाख तरी, असा साधा हिशोब.

तिथं एक बाई भेटल्या. हातमोजे घातले, चित्र हातात घेतलं आणि पहिल्यांदा काय केलं तर उलटं केलं. पुढून बघितलं ते नंतर, तेही थोडंच. "पाठ कुणी बदलली?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पाठीवर नवा हार्डबोर्ड, ब्राउन टेप आणि माझा स्टिकर. म्हणजे त्या चित्राचा लेखी इतिहास माझ्या दुकानापासून सुरू होत होता.

बाईंनी त्याला नीट समजावून सांगितलं, रागावल्या नाहीत. कॅटलॉगमध्ये चित्राखाली माप, माध्यम, साल एवढंच नसतं, ते कुणाकडून कुणाकडं गेलं ती सगळी साखळी छापतात. 'ग्राम यात्रा'ची साखळी बघा : १९५४ साली दिल्लीत एका डॉक्टरनं घेतलं, तो ते ऑस्लोला घेऊन गेला, १९६४ ला तिथल्या हॉस्पिटलला देऊन टाकलं. मधे एक कडी सुटलेली नाही. सहीचंही तसंच. चित्रकाराचीच सही आहे असं कंपनीला वाटलं तर "सही केलेले" लिहितात, आणि "सही आढळते" एवढंच लिहिलं तर समजायचं की त्यांच्या मते ती दुसऱ्याच कुणीतरी केलेली आहे. दोन शब्दांचा फरक, किमतीत शून्यं उडतात. आमच्या या चित्रावर उजव्या कोपऱ्यात सहीसारखं एक फराटं आहे, बस.

शिवाय शंभर वर्षांवरचं चित्र १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. पुरातत्त्व खात्याकडं नोंद लागते आणि देशाबाहेर विकता येत नाही. म्हणजे चित्र खरंच आबालालचं निघालं तरी न्यूयॉर्कचा डॉलर काही कोटीतीर्थावर यायचा नाही. पोराचं तोंड इथंच पडलं होतं म्हणे.

"आधी मागं काय होतं?" त्यानं मला विचारलं.

आठवतंय ना. तेच तर वाईट. जुन्या फ्रेमला मागं देवदाराची पातळ फळी होती, गंजलेल्या चुकांनी ठोकलेली. फळीवर एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला, वर काहीतरी छापील, खाली जांभळ्या पेन्सिलीनं आकडे. फळीला वाळवी लागायला आली होती. मी चुका उपसल्या, फळी बाजूला टाकली, नवा हार्डबोर्ड बसवला, काकींनी दोनशे रुपये दिले. फळी संध्याकाळी घरी नेली. आमच्याकडं तेव्हा अंघोळीचं पाणी बंबावर तापायचं.

म्हणजे त्या साखळीची एक कडी बंबात गेली, आणि त्या पाण्यानं मी अंघोळ केली.

हे एकच असतं तर विसरलो असतो. पण त्या रात्री झोप येईना आणि एकेक आठवत गेलं. जुनी रवि वर्मा प्रेसची लक्ष्मी, सरस्वती घेऊन लोक अजून येतात. त्या छापील चित्रांच्या खालच्या पांढऱ्या पट्टीत चित्राचं नाव आणि प्रेसचं नाव असतं. फ्रेमच्या मापात बसत नाही म्हणून ती पट्टी मी कटरनं किती वेळा सरळ कापली असेल! हौसेनं, पट्टी लावून, एका रेषेत. आता भिंगातून बघायला शिकलोय : जुन्या शिळाछापात रंगाचे ठिपके वेडेवाकडे, हातानं टाकल्यासारखे दिसतात, आणि ऑफसेटच्या नकलेत सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांची फुलंच फुलं. पण कापलेली पट्टी भिंगातून परत येत नाही. २०१९ च्या महापुरात तर पोत्यांनी भिजलेल्या फ्रेमा आल्या, गाळानं भरलेल्या. तेव्हा चित्र वाचवायचं म्हणून पाठी सोलून ढीग केला आणि कचऱ्याच्या गाडीत घातला. तेव्हा दुसरं काही सुचलंही नसतं.

पोरगा दोन दिवसांनी परत आला. या वेळी हळू आवाजात. "काका, तुमच्याकडं जुन्या फळ्या असतीलच की."

आहेत. माळ्यावर देवदाराच्या आहेत, गंजक्या चुका डबाभर आहेत, जुन्या वह्यांचे कागदही आहेत. मला तासाभराचं काम, आणि माझं काम मुंबईच्या बाईंनीसुद्धा सहज ओळखलं नसतं, हे मी बढाई म्हणून नाही, धंद्याचं सांगतोय. अशा पाठी बनवणारे लोक आहेत आणि त्यांना दुकान लावायची गरज पडत नाही. मी त्याला म्हटलं, "भावा, मला आठवतंय तेवढं स्टॅम्पपेपरवर खरं लिहून देतो. फळी बनवून देणार नाही." त्याला स्टॅम्पपेपर नको होता. बरोबरच आहे, माझ्या आठवणीला कोण बोली लावणार.

तेव्हापासून मी जुनी पाठ गिऱ्हाइकाला परत देतो. फळी असेल तर फळी, नाहीतर लेबल, चिठ्ठी, कात्रण खाकी पाकिटात घालून वर तारीख. निम्मे लोक "हा कचरा कशाला?" म्हणून काउंटरवरच सोडून जातात. ती पाकिटं मी ठेवतोय.

चित्र परत काकींच्या सोप्यात लागलंय. हूक बदलायला मागच्या महिन्यात गेलो होतो. भिंतीला ओल होती म्हणून खाली बुचाचे तुकडे लावले. काकी सोप्यातच शेंगा फोडत बसल्या होत्या. मला राहवलं नाही. जांभळ्या पेन्सिलीच्या आकड्यांबद्दल सगळं बोलून टाकलं, बंबासकट.

काकी म्हणाल्या, "व्हय की. ते आमच्या मामंजींचं अक्षर. धोब्याचा हिशोब असायचा तिथं."

मला इतकं हलकं वाटलं की मी स्टुलावरच बसलो.

"वरचं छापलेलं मातर इंग्लिश होतं," त्या शेंग सोलत म्हणाल्या, "ते कुठं मला वाचता येतंय."