मागाच्या शेडचं घर करताना

इचलकरंजीत आमचं चोवीस यंत्रमागांचं शेड होतं. साधे माग परवडेनासे झाले, रॅपियर किंवा एअरजेटसारखे नवे, वेगवान माग घ्यायची आमची ऐपत नव्हती, म्हणून माग किलोवर भंगारात गेले. पुढं काही वर्षं शेड सुताचं गोडाऊन म्हणून भाड्यानं दिलं. तेही रिकामं झालं तेव्हा मी घरात विषय काढला की आपणच तिथं राहायला जाऊ. आई म्हणाली, "कारखान्यात? लोक काय म्हणतील?" बायकोनं फक्त न्हाणीघर कुठं करणार एवढं विचारलं. नंतर कळलं की खरा प्रश्न तोच होता.

पहिली लढाई कागदांची. गावात 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढं गल्लीबोळात, राहत्या घरांना लागून माग बसत गेले. त्यामुळं आमचं शेड विकास आराखड्यात रहिवास विभागात निघालं, औद्योगिक विभागात नाही. हे आमचं नशीब. औद्योगिक विभागात असतं तर आधी तिथं राहण्याच्या परवानगीच्याच वेगळ्या अटी पुऱ्या कराव्या लागल्या असत्या. कुणाच्या डोक्यात असा बेत असेल तर आर्किटेक्टकडं जाण्याआधी झोन दाखला आणि भाग नकाशा काढा.

मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचं नाव होतं आणि खाली एका बँकेचा बोजा. कर्ज माग घेताना काढलेलं, वडिलांनी कधीच फेडलेलं, पण बोजा कुणी उतरवलाच नव्हता. वारसनोंद, दोन्ही आत्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र, बँकेचा निरंक दाखला, मग बोजा कमी करणं, असं ते चालत राहिलं. धाकट्या आत्यानं सही करताना एक अट घातली: "दिवाळीला माझी खोली तयार पाहिजे." हे सगळं झाल्याशिवाय वापरबदलाचा अर्ज पुढं सरकत नाही, आणि मंजूर नकाशा हातात नसेल तर गृहकर्जाला बँक दारात उभं करत नाही. नकाशासोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा स्थैर्य दाखलाही जोडला.

इंजिनिअर बाईंनी आल्या आल्या भिंतींकडं पाहिलंच नाही. शिडी मागवून थेट कैचीपाशी, म्हणजे छत पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्यापाशी गेल्या आणि नखानं खरवडून दाखवलं. वर्षानुवर्षं उडालेली कापसाची पिंज वंगणाच्या वाफेत भिजून लोखंडावर जाजमासारखी बसली होती. त्यांचं पहिलं फर्मान हेच, की ही पिंज निघाल्याशिवाय वेल्डिंगची एक ठिणगी इथं पडता कामा नये. खरवडल्यावर कळलं की लोखंड खालून जवळजवळ नवं आहे. तेलानं त्याला गंज चढू दिला नव्हता. गंज होता तो फक्त पन्हळीखालच्या टोकांना.

छत करवतीच्या दातासारखं, उत्तरेकडं उभी काच, बाकी उतार सिमेंटच्या पत्र्याचा. या पत्र्यात अॅसबेस्टॉस असतो. ठेकेदाराचा बेत घणानं फोडून खाली टाकायचा होता. इंजिनिअर बाईंनी तो मोडून काढला, कारण अॅसबेस्टॉसचे फुफ्फुसाला घातक तंतू हवेत उडतात ते पत्रा फुटताना आणि कापताना. मग पत्रे पाण्यानं भिजवले, बोल्ट सोडवले आणि अख्खे पत्रे दोरानं खाली घेतले. प्लास्टिकमध्ये गुंडाळून ते घातक कचरा घेणाऱ्यांच्या गाडीत चढवले. गोठ्यासाठी मागायला माणसं आली होती, दिले नाहीत. त्यावरून थोडी नाराजीही झाली.

वर 50 मिमीचे पफ पॅनेल, म्हणजे मधे फोम भरलेले दुहेरी पत्रे टाकले. महाग आहेत, पण पत्र्याखाली मे महिना काढलेल्याला त्याचा हिशेब सांगावा लागत नाही, शिवाय पावसाचा तडतडाटही बराच कमी झाला. दोन दातांच्या मधली पन्हळ हे अशा छताचं कायमचं दुखणं. जुनी पन्हळ अरुंद आणि सपाट होती. नवी रुंद केली, दोन्ही टोकांना उतार दिला, आणि तुंबलीच तर पाणी आत न येता बाहेर सांडावं म्हणून कडेला एक जादा तोंड ठेवलं.

उत्तरेच्या काचेतून ऊन येत नाही असं सगळे छातीठोक सांगतात. आमच्या गावाचा अक्षांश 16.7 आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणं त्या काचेतून आत येतातच. दुपारचं ऊन काचेच्या वर पुढं काढलेल्या छज्ज्यानं अडतं. तिरप्या उन्हासाठी काही केलं नाही, सकाळी ते बरंच वाटतं. काचेच्या वरच्या पट्टीत मात्र जाळी लावून झडपा बसवल्या, कारण गरम हवेला वरून वाट हवी. मागाला दमट हवा लागते, नाहीतर सूत तुटतं, म्हणून शेडला खिडक्या जवळजवळ नव्हत्याच. नव्या खिडक्या काढल्या त्या दोन कैच्यांच्या मधेच. ज्या जागेवर कैचीचं ओझं टेकतं, तिथली भिंत कुणीही फोडू नये.

जमिनीनं सगळ्यात जास्त पैसे खाल्ले. खाली शहाबादी, तिच्यात प्रत्येक मागाचे चार बोल्ट गाडलेले, आणि मधल्या गल्ल्यांत पिढ्यान् पिढ्या गळलेलं तेल. ठेकेदार म्हणत होता की कॉस्टिक सोड्यानं धुऊन वर टाइल बसवू. आमच्या मिस्त्रींनी काही न बोलता तांब्यातून पाणी ओतलं. दारापाशी ते दगडात जिरलं, गल्लीत मात्र थेंब तसेच टिच्चून उभे राहिले. "मालक, हितं सिमेंट धरायचं न्हाई. उन्हाळ्यात तेल पुन्हा वर येतंय बघा. दगड उचलायचाच लागतोय." दगड उचलले, खालचा काळा तेलकट मुरूम खणून काढला, नवा भरून धुम्मस केला. खाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून मिस्त्रींनी मुरमाचा थर जाड घेतला. बोल्ट कापायला वेगळा माणूस लागला.

आणि न्हाणीघर. शेडला मोरी नव्हती, संडास बाहेर. मधल्या भागातून मलवाहिनी न्यायची तर रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत उतारच मिळेना. शेवटी स्वयंपाकघर आणि दोन्ही न्हाणीघरं रस्त्याकडच्या एकाच पट्टीत घेतली आणि ती पट्टी एका पायरीनं उचलली. नळ त्या पायरीखालून जातात. आईला पायरीचा त्रास होईल म्हणून तिथं कठडा लावला.

पूर्वेची भिंत शेजाऱ्यांची आणि आमची एकच. त्यांचे माग अजून दोन पाळ्यांत चालतात. भिंतीला तळहात लावला की थरथर कळते. आतून चार इंच अंतर सोडून हलक्या ब्लॉकची दुसरी भिंत घेतली, मधे आवाज शोषणारं रॉकवूल भरलं, आणि तिथं फक्त कपाटं आणि धुण्याचं मशीन ठेवलं. झोपायच्या खोल्या पश्चिमेला. तरी रात्री आवाज येतोच, फक्त बोलणं थांबवावं लागत नाही. पोटमाळा केला तो स्वतःच्या खांबांवर, जुन्या भिंतीला टेकवलेला नाही. सगळ्या उंचीवर स्लॅब घालून वरचा मजला काढायचा सल्ला पुष्कळांनी दिला. मला तो पटला नाही. ती उंची आणि तो उजेड सोडला तर शेडमध्ये राखण्यासारखं होतं काय? खर्च विचाराल तर पाडून नवीन बांधलं असतं तरी एवढाच आला असता.

विजेचं मात्र लांबणीवर टाकू नका. आमची जोडणी यंत्रमागाच्या दरातली. घरासाठी ती तशीच वापरली तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापर धरून दुप्पट दरानं आकारणी होऊ शकते. आधी जुनी थकबाकी शून्य करावी लागली, मग मंजूर भार कमी करून घरगुती वर्गवारीचा अर्ज. भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर घरपट्टीच्या नोंदीतही वापर बदलून घेतला.

धाकटी आत्या दिवाळीला येऊन गेली. खोली आवडली म्हणाली, पण पाडव्याला सकाळी निघताना मिस्त्रींचा नंबर मागून घेतला. सांगलीला तिच्या सासरचंही एक गोडाऊन आहे.