बुटक्यांच्या मागे, मान खाली घालून

व्रोत्सवाफमध्ये तिसऱ्या दिवशी माझी मान धरली. कळस बघून नव्हे, दोन दिवस सारखं खाली बघून! या पोलिश शहरात फुटपाथवर, खिडकीच्या कडेला, दिव्याच्या खांबावर वीतभर उंचीचे ब्राँझचे बुटके बसलेत, तेही शेकड्यांनी. हॉटेलात घेतलेला त्यांचा नकाशा पहिल्याच पावसात भिजून लगदा झाला. बरंच झालं, शोधायला मजा आली.

श्विदनित्सका रस्त्यावर दोघे जण एक दगडी गोळा ढकलतायत, एक इकडून आणि एक तिकडून. गोळा अर्थातच जागचा हलत नाही. आमच्या सोसायटीच्या कमिटीची आठवण झाली.

आधी वाटलं, पर्यटकांसाठी केलेलं गोडगोड प्रकरण असेल. पण त्याच रस्त्यावर यांचा थोरला आहे, 'पापा'. २००१ मध्ये बसवलेला, भल्यामोठ्या अंगठ्याच्या टोकावर उभा आणि बाकीच्यांपेक्षा ओबडधोबड. त्याच्यापाशी खरी गोष्ट कळते. डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारनं लष्करी कायदा लावला. लोक रात्री भिंतींवर घोषणा लिहायचे, सकाळी सरकारी माणसं त्यावर पोचारा मारायची. भिंतभर रंगाची ठिगळं उरली. १९८२ पासून वाल्देमार फिद्रिख आणि त्याचे साथीदार त्या ठिगळांवर टोपीवाला बुटका काढू लागले. आता पुसणार काय? पुसलं की नवं ठिगळ, म्हणजे नव्या बुटक्याची सोय. पुढे 'ऑरेंज अल्टरनेटिव्ह' म्हणून ही चळवळ गाजली. १ जून १९८८ ला याच रस्त्यावर हजारो लोक बुटक्यांच्या टोप्या घालून निघाले. हिमगौरीच्या गोष्टीतल्या टोपीखातर माणूस धरायचा, म्हणजे पोलिसांचीच पंचाईत!

आज मात्र बँका-हॉटेलंही दारात आपापला बुटका बसवतात. ते मला जरा खटकलंच.

खाटकांच्या जुन्या गल्लीत, स्तारे यात्कीमध्ये, आता कलादालनं आहेत. तोंडाशीच ब्राँझची डुक्कर, बकरी, बदकं उभी. कापल्या गेलेल्या जनावरांचं हे स्मारक, आणि खाली देणगीदार म्हणून 'खाणारे'! डुकराची पाठ मुलांनी बसून बसून पितळी भांड्यासारखी चकचकीत केली आहे.

शेवटी पिलसुदस्की रस्त्याच्या चौकात गेले. इथे बुटके नाहीत, पुरती माणसं आहेत, ब्राँझची चौदा. रस्त्याच्या एका बाजूला ती फुटपाथमध्ये रुतत जातात, कुणी गुडघ्यापर्यंत, कुणी छातीपर्यंत. पलीकडे पुन्हा वर येतात. शिल्पकार येझी कालिना. ही माणसं २००५ मध्ये १२ डिसेंबरच्या रात्रीतून बसवली, लष्करी कायद्याच्या वाढदिवशी. सिग्नलला मी त्यांच्यातच उभी होते. शेजारच्या आजींनी भाजीची जड पिशवी कमरेपर्यंत रुतलेल्या एकाच्या खांद्यावर टेकवली, आणि हिरवा दिवा लागल्यावर उचलून निघाल्या.