वळिवड्यातली स्वतःची चूल

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. ती इथवर कशी तगली आणि पुन्हा माणसांत कशी आली, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

१० फेब्रुवारी १९४० ला पूर्व पोलंडमध्ये सोव्हिएत सैनिकांनी घराघरांतून माणसं उचलली आणि मालगाड्यांत भरून अर्खांगेल्स्क, सायबेरियाकडे धाडली. अशा आणखी फेऱ्या झाल्या. हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर, पोलंड आणि सोव्हिएत संघातल्या १९४१ च्या करारानंतर सुटका झाली. १९४२ मध्ये लाखाहून अधिक जण कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले.

तिथे उवांमुळे पसरणाऱ्या टायफस तापामुळे आधी उवांचा बंदोबस्त: कपडे जाळायचे, डोकी भादरायची, अंघोळ, मग नवे कपडे. पण खरा घात जेवणाने केला. महिनोन्‌महिने उपाशी पोटाला मटणाचा तेलकट रस्सा आणि डब्यातलं मांस पेललं नाही. सुटका झाल्यावर, भरल्या पोटी कित्येक जण गेले. अशा शरीरात एकदम अन्न पडलं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून सुरुवात पातळ पेजेने, थोडी थोडी, दिवसातून अनेक वेळा करायची असते.

यांतलेच काही जण इराणहून पुढे वळिवड्याला आले. वळिवड्याचं मोठेपण मला चुलीत दिसतं. सामुदायिक भटारखान्यापुढे ताटली घेऊन रांग लावण्याऐवजी कुटुंबाला स्वतःची खोली, स्वतःचं स्वयंपाकघर आणि खर्चाला भत्ता होता. आज काय शिजवायचं हे आईने ठरवायचं. ज्यांच्या आयुष्याचे सगळे निर्णय दीडेक वर्ष पहारेकऱ्यांनी घेतले, त्यांना हे औषधाइतकंच गरजेचं होतं.

शाळाही लगेच भरल्या, पोलिश भाषेत, निर्वासितांमधल्याच शिक्षकांच्या हाताखाली. चर्च, दवाखाना, स्काउट पथकं आली. क्षयरोग्यांसाठी पाचगणीची हवा होती.

हे सारं परत जायच्या तयारीसाठी होतं, आणि तीच आशा १९४५ मध्ये मोडली. नव्या सीमेमुळे त्यांची गावं सोव्हिएत संघात गेली होती. पुढे बरीच कुटुंबं ब्रिटन, ऑस्ट्रेलियाकडे पांगली. रिकाम्या बराकींत फाळणीतून आलेल्या सिंधी कुटुंबांनी आपल्या चुली मांडल्या. त्या वस्तीला आज आपण गांधीनगर म्हणतो.