कॉम्बो पाठ आहेत, तरी मार का खातो?

‘टेकन 8’ या मारामारीच्या व्हिडिओ गेमचे कॉम्बो, म्हणजे एकामागून एक बसणाऱ्या फटक्यांच्या साखळ्या, तोंडपाठ आहेत, प्रॅक्टिस मोडमध्ये एकही चुकत नाही, मग रँक्ड मॅचमध्ये, म्हणजे ऑनलाइन क्रमवारीच्या लढतीत, मार का खातो? हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदाचं सविस्तर उत्तर देऊन टाकतो.

कॉम्बो सुरू व्हायला आधी पहिला फटका बसावा लागतो. तो कुठून येणार, याचा विचार कोणी करत नाही. बटणं बडवत सुटतात. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ‘टेकन 3’मधलं एडी हे पात्र घेऊन नुसत्या लाथांवर चौघांना लोळवलेली आपली पिढी, ती खोड सहज जात नाही.

थोडं गणित. गेम सेकंदाला 60 फ्रेमने, म्हणजे 60 चित्रांनी, चालतो. जॅब, म्हणजे सगळ्यात झटपट ठोसा, 10 फ्रेममध्ये लागतो. डोळ्यांनी बघून बोट हलवायलाच माणसाला साधारण 12 ते 15 फ्रेम लागतात. त्यामुळे जॅब बघून अडवणं कोणाच्या बापाला जमायचं नाही. पण टेकनमध्ये काहीच न दाबता उभे राहिलात, तरी तुमचं पात्र वरचे आणि मधले फटके आपोआप अडवतं. पायावरच्या फटक्याला तेवढं खाली बसावं लागतं.

खरी कमाई अडवल्यानंतर आहे. उडी घेऊन मारलेली लाथ बसली तर तुम्ही हवेत आणि पुढचा कॉम्बो तुमच्या बोकांडी. तीच अडवलीत, तर लाथ मारणारी बहुतेक पात्रं सावरायला तुमच्यापेक्षा साधारण 13 फ्रेम जास्त घेतात. तेवढ्यात तुमचा 10 फ्रेमचा ठोसा हमखास बसतो, 12-13 फ्रेमचा दणका असेल तर तोही. याला पनिश म्हणतात. खालच्या रँकमध्ये लोक लाथ छान अडवतात आणि मग बघत उभे राहतात!

तेव्हा हरलेल्या मॅचचा रिप्ले लावा. (जिंकलेले रिप्ले मित्रांना दाखवायला ठेवा.) कुठे पनिश करता आलं असतं ते टेकन 8 तिथल्या तिथे सांगतं, आणि त्याच क्षणापासून खेळ स्वतःच्या हातात घेऊही देतं. सगळ्यात जास्त छळणारा एकच फटका निवडा. प्रॅक्टिस मोडमध्ये डमीवर, म्हणजे समोरच्या सरावाच्या पात्रावर, तो रेकॉर्ड करा, जोडीला आणखी दोन वेगळे फटके भरा आणि क्रम रँडम ठेवा. नाहीतर बोटं फटका ओळखत नाहीत, नुसता ताल पकडतात.

किंगसारख्या पकडी टाकणाऱ्या पात्रासमोर त्याचे हात बघा. डावा पुढे आला तर डाव्या ठोशाचं बटण, उजवा आला तर उजव्याचं, दोन्ही आले तर दोन्ही. फलंदाज गोलंदाजाचं मनगट बघतो, तसंच.

2019 मध्ये लाहोरच्या अर्सलान अॅशने ‘टेकन 7’च्या एव्हो जपान आणि लास वेगासचं एव्हो, या मारामारीच्या गेम्सच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. तो तयार झाला आपल्याकडच्याच खेळाडूंशी समोरासमोर बसून. रँक्डमध्ये दोन मॅच जिंकल्या की अनोळखी माणूस निघून जातो. तुमची प्रत्येक सवय ओळखून तिचा फायदा उठवणारा एखादा चिवट मित्र गाठा.

कंट्रोलर घरात असेल तो चालतो. पैसे घालायचेच असतील तर लॅन केबलमध्ये घाला. तुम्ही वायफायवर आहात हे समोरच्याला मॅचआधीच दिसतं, आणि पुष्कळ जण ते चिन्ह बघूनच नकार देतात.